विहीर नसलेल्या गावांचा प्रबंध

बी.एस्सी.च्या परीक्षेचं सुपरव्हिजन चालू होतं. पोरं माना खाली घालून लिहीत होती, आणि मी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर खरडत होतो. खरडणं संपलं. सातारच्या जगदाळे सरांचं दहा-बारा वर्षांचं काम मी अर्ध्या पानात मोडीत काढलं होतं. मला मुळात तसलं काही करायचंच नव्हतं. त्यांच्या प्रबंधासाठी एक उदाहरण शोधून द्यायचं होतं, एवढंच.

मी ते अर्धं पान पुन्हा वाचलं. स्वतःच्या गणितात चूक निघावी म्हणून आशेनं बसलेला गणितवाला तुम्ही पाहिला नसेल. त्या दुपारी मी तसा बसलो होतो. तेवढ्यात पुढच्या बाकावरून हात वर झाला. "सर, पुरवणी." मी पुरवणी दिली, जागेवर आलो, परत वाचलं. चूक नव्हती.

हे साठीच्या दशकातलं. चीनची लढाई नुकतीच होऊन गेली होती. मी सांगलीतल्या एका कॉलेजात गणिताचा लेक्चरर होतो. गाव कुंडलच्या पलीकडं. छप्पन्न साली आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला तेव्हा मी अजून शिकत होतो. पुढं एम.एस्सी. झालो, नोकरी लागली, पण सांगलीत खोली मिळेना. घरमालक आधी खोली दाखवायचे, मग नाव विचारायचे. 'कांबळे' म्हटलं की ती खोली त्यांच्या पुतण्याला देऊन झालेली असायची. सांगलीत एवढे पुतणे असतील असं मला वाटलं नव्हतं. शेवटी हॉस्टेलच्या मागं वॉचमनसाठी बांधलेली एक खोली प्रिन्सिपॉलसाहेबांनी दिली. वॉचमन तिथं राहायला तयार नव्हता.

स्टाफरूममध्ये चहा होई, गप्पा होत. ऊस, कारखाना, कोणाची बदली, कोणाच्या मुलीचं लग्न. माझा विषय अल्जिब्रा, त्यातही असा कोपऱ्यातला की केमिस्ट्रीवाले म्हणायचे, "कांबळे, तुमच्या त्या गणितात आकडे कुठं दिसत नाहीत हो." सगळे हसायचे, मीही हसायचो. मग खोलीवर येऊन एकट्यानं बाणांच्या आकृत्या काढायच्या. चुकल्या तर आपणच खोडायच्या, जमल्या तर आपणच मान डोलवायची. फार एकटं वाटायचं. आठवडेच्या आठवडे माझ्या विषयातला एक शब्द माझ्या तोंडातून बाहेर पडत नसे.

जगदाळे सर भेटले ते पेपर तपासणीच्या कॅम्पात. उन्हाळ्यात आसपासच्या कॉलेजांतले मास्तर एका हॉलमध्ये कोंबून युनिव्हर्सिटी उत्तरपत्रिका तपासून घ्यायची. शेजारच्या टेबलावर पन्नाशीला टेकलेले एक गृहस्थ होते, डोक्यावर पांढरी टोपी आणि डोळ्यांवर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. मधल्या सुटीत ते सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर काहीतरी काढत होते. मी वाकून पाहिलं. बाण होते. एकापुढं एक बाण, आणि शेवटी शून्य.

"सर, ही एक्झॅक्ट सिक्वेन्स हाय का?" घाईघाईत माझ्या तोंडून गावाकडचं 'हाय'च निघालं.

त्यांनी बोट तसंच ठेवून माझ्याकडं बघितलं. "व्हय. तुला कसं ठावं?"

"मी तेच करतोय."

"कुठं?"

"सांगलीला."

"सांगलीला?" त्यांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, परत घातला. "आरं, मला वाटत व्हतं पुण्याच्या खाली हे बाण काढणारा मी एकलाच. मी जगदाळे. सातारला शिकवतो. तुझं नाव काय?"

"कांबळे."

"बस हितं," असं म्हणून त्यांनी बाकावर जागा केली.

आता हे बाण कसले ते सांगतो. घाबरू नका, परीक्षा घेणार नाही. रिंग म्हणजे जिथं बेरीज, वजाबाकी, गुणाकार करता येतो अशी संख्यांची मंडळी. भागाकार जमेलच असं नाही. आपले नेहमीचे पूर्णांक ही एक रिंग. पाचाला दोननं भागायला गेलात की पूर्णांकांच्या बाहेर पडता. घड्याळाचे तास हीसुद्धा रिंग, बारा झाले की पुन्हा शून्य. गुणाकारात पुढचा आकडा मागं नेला तरी उत्तर तेच येत असेल तर ती कम्युटेटिव्ह. आमचं काम तसल्याच रिंगांशी. आणि जिच्यात शून्य सोडून कशानंही बिनधास्त भागता येतं, ती फील्ड. फील्ड म्हणजे वर्गातला अगदी गुणी मुलगा. त्याच्याबद्दल पालकांना सांगण्यासारखं काहीच नसतं, म्हणून आम्हाला तो नको असतो.

प्रत्येक रिंगेच्या आधारानं उभ्या असलेल्या मॉड्यूल नावाच्या रचना असतात. सर म्हणायचे, रिंग म्हणजे गाव धर आणि मॉड्यूल म्हणजे त्या गावातल्या विहिरी. पाण्यापर्यंत पोचायला किती पायऱ्या उतराव्या लागतात, ते त्या विहिरीचं होमॉलॉजिकल डायमेन्शन. आमचा एकेक बाण म्हणजे एकेक पायरी, आणि शेवटचं शून्य म्हणजे पायऱ्या संपल्या. फील्डच्या गावात पाणी जमिनीलगत, एकही पायरी नाही. पूर्णांकांच्या गावात फार तर एक पायरी. काही गावांतल्या विहिरींना मात्र तळच नाही, उतरत राहा. तर गावातल्या विहिरींची खोली बघायची आणि त्यावरून गाव कसलं ते ठरवायचं, हा आमचा धंदा. सर सवयीनं 'गावाची जात' म्हणायचे. मी एकदा नुसतं त्यांच्याकडं बघितलं. त्यानंतर ते 'प्रकार' म्हणू लागले.

सातारा आणि सांगलीच्या मधे कराड पडतं. दर रविवारी एस.टी.नं मी इकडून आणि ते तिकडून कराडला यायचो. कृष्णा-कोयनेच्या संगमावर घाटाचे काळे, रुंद दगड आहेत. खिशात कॉलेजचे खडू, आणि तो दगड हाच फळा. नियम सरांनी घातला होता. खडू ज्याच्या हातात त्यानं बोलायचं. दुसऱ्यानं मधे हुशारी करायची नाही, शाबासकीसुद्धा द्यायची नाही. त्याला फक्त दोन शब्दांची मुभा होती, 'का?' आणि 'म्हणजे?' पटलं नाही तर 'का?', कळलं नाही तर 'म्हणजे?' बाकी गप्प बसायचं.

घाटावर एक म्हातारी धुणं घेऊन यायची. ती ओरडायची, "आवं मास्तर, तुमचं ते बाणबिण तिकडं सरकवा की! मला धुणं आपटायचंय."

"आपट की मावशे," सर म्हणायचे. "तेवढंच आपसूक पुसून निघंल."

पहिल्याच रविवारी दुपारी सरांनी भाकरीचं फडकं सोडून आमच्या मधे ठेवलं. भाकरी, झुणका, कांदा. "खा," म्हणाले. तोवर मला कॉलेजात एका फडक्यावरून जेवणारा एकही सहकारी मिळाला नव्हता. यावर आम्ही कधी एक अक्षर बोललो नाही. आम्ही बोललो ते विहिरींबद्दल.

सरांचा प्रबंध दोन कलमांवर उभा होता. पहिलं कलम, गावातली एकही विहीर बिनतळाची नको. दुसऱ्याला आम्ही आरशाचं कलम म्हणायचो. रिंगेतला एक गट घ्यायचा. त्या गटाशी गुणल्यावर शून्य देणारे सगळे आकडे गोळा करायचे. मग त्या आकड्यांना शून्य करणारे गोळा करायचे. तर आपण परत पहिल्याच गटावर आलो पाहिजे, आरशातल्या आरशात बघितल्यासारखं. ही दोन्ही कलमं पाळणाऱ्या रिंगांबद्दल सरांनी वीसेक प्रमेयं सिद्ध केली होती. प्रत्येक प्रमेय मी घाटावर ऐकलं होतं आणि प्रत्येक ठिकाणी 'का?' विचारलं होतं. फार देखणं काम होतं. अजूनही म्हणतो.

त्या प्रबंधावर सरांचं सगळं अडलेलं होतं. युनिव्हर्सिटीचं नवं पोस्टग्रॅज्युएट सेंटर निघणार होतं. डॉक्टरेट मिळाली की सर तिथं गणिताचे प्रमुख, हे ठरल्यात जमा. मलाही तिथं ओढून घेणार होते. "मग रोज खडू, गड्या," ते म्हणायचे. "रविवारची वाट बघाय नको." पण त्यांच्या मनातलं खरं ते वेगळंच होतं. वडील सुभेदार, दोन्ही भाऊ फौजेत. एकदा भाकरी मोडता मोडता म्हणाले, "डोळ्यापायी मला भरतीत घेतला न्हाई. घरात भिंतीवर समद्यांचे फोटू हायत, वर्दीतले. माझा न्हाई. आबांनी जागा दावून ठिवलीया. म्हणत्यात, तुझा त्यो डाक्टरचा झगा घातलेला फोटू हितं लावू."

गाइड पुण्याचे होते. त्यांचा विषय दुसराच, सह्या तेवढ्या बिनचूक करायचे. त्यांनी सगळ्या प्रबंधात एकच सूचना केली. शेवटी परिशिष्टात दोन-तीन उदाहरणं द्या, एक्झामिनरला बरं पडतं. सरांनी ते माझ्या अंगावर टाकलं. "तुला असलं बारीकसारीक लय जमतंया. फील्ड सोडून कंची बी दोन बघ." एवढं बोलून ते टायपिस्टच्या मागं लागले.

मी आधी पूर्णांक घेतले. विहिरी ठीक, पण आरसा फुटका. दोनच्या पटीतल्या आकड्यांना शून्य करणारा एकटा शून्य, आणि शून्याला शून्य करणारे सगळेच. गेलो दोनच्या पटीतून आणि आलो सगळ्यांत. मग चार तासांचं घड्याळ घेतलं. तिथं दोन दुणे चार म्हणजे शून्य. आरसा लख्ख! पण एक विहीर अशी निघाली की पायरीखाली तीच पायरी, तिच्याखाली परत तीच, तळ नाही. मग सहा तासांचं घड्याळ. दोन्ही कलमं पाळली! मी खोलीत एकटाच टाळी वाजवली. जरा वेळानं लक्षात आलं की ते घड्याळ म्हणजे दोन तासांचं आणि तीन तासांचं अशी दोन फील्ड शेजारी शेजारी बांधलेली आहेत. गुणी मुलाचा जुळा भाऊ, एवढाच फरक.

असं बरेच दिवस चाललं. रिंग घ्यावी, तर एक तरी कलम मोडायची, नाहीतर आत फील्ड निघायचं. मला उदाहरण सापडत नाही हा माझाच बावळटपणा, असं मी धरून चाललो होतो. आणि मग सुपरव्हिजनच्या त्या दुपारी मी प्रश्नच उलटा केला. उदाहरण नसेलच तर?

उत्तर लगेच आलं. आरशाचं कलम लागू असलं की विहिरीची सगळ्यात खालची पायरी सुटी निघते. वरच्या पायऱ्यांशी तिचा सांधाच नसतो, ती उचलून बाजूला ठेवता येते. विहीर एका पायरीनं उथळ झाली. आता जी खालची, तीही सुटी. तीही काढा. पायऱ्या कुठंतरी संपतातच हे तर पहिलं कलम सांगतं, म्हणजे काढत काढत सगळ्याच निघतात. मागं राहतं जमिनीलगतचं पाणी. फील्ड, किंवा चार-दोन फील्ड शेजारी शेजारी. दुसरं काही नाही. सरांची वीसच्या वीस प्रमेयं खरी होती, ओळ न् ओळ खरी. फक्त ती विहिरीच नसलेल्या गावांबद्दल होती. सुताराला नसलेल्या लाकडाचं कपाट करता येत नाही. आमच्या धंद्यात ते करता येतं, वर पॉलिशही मारता येतं. दोन वर्षं आम्ही एकमेकांना 'का?' विचारत होतो. 'दाखव बघू एक' असं दोघांपैकी एकानंही म्हटलं नव्हतं.

पेपर संपला. गठ्ठा जमा करायला गेलो तर प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "कांबळे, चेहरा का असा? कोणी कॉपी करताना सापडला काय?"

न राहवून मी त्यांना सांगून टाकलं, नाव न घेता. एका माणसाचा प्रबंध आहे, बरोबर आहे, पण पोकळ आहे.

"एक्झामिनरच्या ध्यानात येईल?"

"बाहेरचा चांगला माणूस असला तर तासाभरात. नाहीतर कधीच नाही."

"मग तुम्ही कशाला मधे कडमडता? झाला डॉक्टर तर कोणाचं नुकसान आहे? त्या प्रबंधावर काही पूल बांधायचाय का?" त्यांनी गठ्ठ्यावर सही केली. "तुम्हाला नेमलंय बी.एस्सी.ला शिकवायला. ते करा. आणि गॅदरिंगचं बघा जरा."

साहेबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मी खोलीत बसून विचार केला. गप्प राहिलो आणि एक्झामिनर सुमार निघाला, तर भिंतीवर फोटो लागेल, सेंटर मिळेल, रोज खडू. एक्झामिनर चांगला निघाला तर तोंडी परीक्षेत चार माणसांसमोर तो म्हणेल, 'जगदाळे, एक उदाहरण द्या.' आणि सर तिथं उभे राहतील. ते चित्र मला बघवेना. तरीसुद्धा खोटं कशाला बोलू, सगळ्यात जास्त भीती मला माझीच वाटत होती. सांगितलं आणि रविवार गेला, तर माझ्याजवळ राहणार काय? एक वॉचमनची खोली.

रविवारी सर एस.टी.तून उतरले तेच टाइप केलेला गठ्ठा बगलेत मारून. "निम्मं झालंया! अक्षर बघ कसं सुबक आलंय. आनि उदाहरण गावलं का रं?"

"आज खडू मी घेतो, सर," मी म्हणालो.

घाटावर बसलो. मी पहिली ओळ लिहिली. एक विहीर, तिच्या पायऱ्या, शेवटचा बाण. आरशाचं कलम लावलं. खालची पायरी सुटी झाली असं लिहिलं.

"का?" सरांनी विचारलं.

मी कारण लिहिलं. त्यांनी मान हलवली. मी पुढची पायरी सोडवली.

"का?"

तेच कारण परत लिहिलं. आता त्यांनी मान हलवली नाही. ते दगडावर पुढं सरकून बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मी तिसरी ओळ लिहिली, चौथी लिहिली. खडू दगडावर करकरत होता. शेवटी मी बरोबरीचं चिन्ह काढून पुढं शून्य लिहिलं आणि थांबलो.

सरांनी ते शून्य पाहिलं. सगळं त्यांना कळलेलं होतं. माझ्या आधी कळलं असेल. तरी त्यांनी नियमातला दुसरा शब्द विचारला. अगदी हळू विचारला.

"म्हणजे?"

"म्हणजे फील्डशिवाय दुसरं काईच न्हाई, सर. आपल्या गावात विहीरच न्हाई."

खाली म्हातारी धुणं आपटत होती. सर म्हणाले, "परत सांग. पयल्यापासनं." मी परत सांगितलं. त्यांनी प्रत्येक ओळीला परत 'का?' विचारलं, दुप्पट जोरानं, वकिलासारखं. कुठंच फट नव्हती.

"तुला उदाहरण आणाय सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "तू माझं घरच पाडून आलास की रं."

"सर, तोंडी परीक्षेत कुनी विचारलं असतं तर..."

"विचारलं असतं तवा बघितलं असतं! न्हाई विचारलं तर? आरं, फोटू तरी लागला असता. म्हाताऱ्याचं वय काय, माझं वय काय! आता परत पयल्यापासनं कवा करू मी?" त्यांचा आवाज फुटला. मग एकदम खाली आला. "ह्ये आनि कुनाला सांगितलंस?"

"तुमचं नाव कुनाफुडं काढलं न्हाई. आनि सांगायला हाय कोन मला?"

त्यांनी टोपी घातली, गठ्ठा उचलला आणि वर चालायला लागले. भाकरीचं फडकं त्या दिवशी सोडलंच नाही. ते तसंच हातात धरून गेले. मी नदीचं पाणी ओंजळीत घेऊन दगड पुसला. एवढ्या स्वच्छ सिद्धतेचा मला एवढा राग पुन्हा कधी आला नाही.

पुढच्या रविवारी सर आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी पत्रं टाकली, उत्तर नाही. सातारहून आलेल्या एका फिजिक्सवाल्याकडून कळलं की जगदाळ्यांनी प्रबंध मागं घेतला, कोणाला कारण सांगितलं नाही. सेंटरवर बाहेरचे कोणी प्रमुख नेमले गेले. मी गॅदरिंगचं बघितलं. नाटकाच्या पडद्याची दोरी ओढली. स्टाफरूममध्ये उसाच्या गप्पांना मान डोलवली. आणि दर रविवारी सवयीनं कराडची एस.टी. पकडत राहिलो. का, ते विचारू नका. खोलीत बसवत नव्हतं, दुसरं काय?

घाटावर जाऊन बसायचो. खडू काढायचो. एक ओळ लिहिली की थांबायचो, कारण पुढून 'का?' येत नसे. म्हातारी बघायची.

"दुसरं मास्तर कुठं गेलं वं?"

"येतील."

"भांडलासा व्हय?"

"न्हाई मावशे. गणित बरोबर आलं."

"बरोबर आलं म्हून रुसलं? आवं, मास्तर लोकांचं बी कायतरीच!" ती पिळा मारत म्हणाली. मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. तिनं तोंड फिरवून धुणं चालू ठेवलं.

पावसाळा गेला. दिवाळीही गेली. थंडीतल्या एका रविवारी मी घाटावर बसलो होतो तर मागून वहाणांचा आवाज आला. सर होते. गालफडं बसलेली, टोपी तीच. शेजारी बसले. फडकं बाजूला ठेवलं आणि हात पुढं केला.

"खडू हाय का?"

मी दिला. ते लिहू लागले. पहिलं कलम त्यांनी टाकूनच दिलं होतं. बिनतळाच्या विहिरी असल्या तर असू देत. दुसरं कलम ढिलं केलं होतं. आरसा अगदी लख्ख नको, थोड्या पायऱ्यांचा फरक चालेल, फक्त तो फरक कुठंतरी संपला पाहिजे. ओळीमागून ओळ उतरत होती. मी बघत होतो. एका ठिकाणी मला पटलं नव्हतं, पण माझी जीभच उचलेना. परत तोंड उघडायचं आणि परत हा माणूस उठून जायचा!

सर थांबले. "गप का बसलाईस?"

"ऐकतोय."

"ऐकाय हितं दगडं बी हायत. विचार की."

"का?" मी म्हणालो.

"त्ये न्हाई. पयलं उदाहरण विचार!"

मी कसाबसा शब्द काढला. "उदाहरण?"

"पूर्णांक," सर म्हणाले. "साधं पूर्णांक बसत्यात. आनि तुझं त्ये चार तासाचं घड्याळ बी बसतंय. तपासून बघ." मी तपासलं. दोन्ही बसत होते. माझी टाकून दिलेली दोन्ही उदाहरणं.

मग मी विचारलं, इतके महिने आला नाहीत ते. सर खडूकडं बघत बोलले. "राग व्हता. खोटं कशाला सांगू, लय राग व्हता. मग एक दिस ह्ये सुचलं. घरात कुनाला सांगू? रातच्याला जेवून झाल्यावर त्या भिंतीफुडं हुभा ऱ्हायलो आनि वर्दीतल्या फोटूंना समदं सांगितलं. एक बी 'का?' इचारंना, गड्या." त्यांनी फडकं सोडलं आणि आमच्या मधे ठेवलं. "खा."

आता राहिलं काय झालं ते. त्या ढिल्या कलमाच्या रिंगांवर आम्ही दीड-दोन वर्षं काम केलं. मग पुण्याच्या लायब्ररीत एक परदेशी जर्नल हाताला लागलं. त्या रिंगांचा अभ्यास तिकडं आधीच होऊन गेला होता, आमच्याहून किती तरी खोल. मी ते घाटावर सरांना वाचून दाखवलं. म्हटलं, आता परत हा माणूस उठणार. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चला. म्हंजी गाव हाय तरी."

डॉक्टरेट त्यांना मिळाली नाही. लेक्चरर म्हणूनच रिटायर झाले. मला पुढं मिळाली, लय उशिरा. झगा घालून काढलेला फोटो मी कधी भिंतीला लावला नाही. घाटाचा नियम मात्र त्या दिवसापासून बदलला. ऐकणाऱ्याला दोनाऐवजी तीन शब्द मिळाले, आणि पहिला 'उदाहरण?' हाच.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून मी अधूनमधून कागदावर बाण काढतो. उदाहरण आधी बघून घेतो, ती खोड आता जायची नाही. पुढचं मात्र कठीण जातं. प्रमेय चुकलं तर खोडून नवं मांडता येतं. बरोबर आलं आणि 'का?' विचारायला समोर कोणी नसलं, तर त्या बरोबर प्रमेयाचं काय करायचं, ते मला अजून सुटलेलं नाही.